अमेरिकन पासपोर्टवर पुण्यात निवृत्ती: सोशल सिक्युरिटी, ४०१(के), दोन देशांचा कर आणि ओसीआय

टिपणवही
नमस्कार मंडळी. नवरा-बायको दोघेही अमेरिकन नागरिक, दोघांकडे ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला भारतात कायम राहू देणारं कार्ड). वय ६६ आणि ६३. सध्या मुक्काम न्यू जर्सी, २०२६ मध्ये पुण्यात कायमचं यायचं नक्की आहे. उत्पन्न असं: सोशल सिक्युरिटी (अमेरिकेची सरकारी पेन्शन), एक मोठं ४०१(के) (नोकरीतलं निवृत्ती खातं, कर काढताना लागतो), एक छोटं रॉथ खातं (कर आधीच भरलेला, काढताना लागत नाही). भारतात एक फ्लॅट, थोड्या एनआरई ठेवी (अनिवासींच्या, बाहेरून आणलेल्या पैशांच्या).

प्रश्न दोन.
१. कोणत्या महिन्यात उतरावं? "ऑक्टोबरच्या आधी भारतात पाय ठेवू नका" असं सगळीकडे ऐकू येतं. आम्हाला गणपती पुण्यातच करायचे आहेत, म्हणजे १४ सप्टेंबरच्या आधी पोचायचंय.
२. ४०१(के) येण्याआधी किंवा आल्या-आल्या काढून घ्यावं का तसंच राहू द्यावं?

मागच्या पाच आर्थिक वर्षांतले भारतातले दिवस: २०२१-२२ मध्ये ०, मग ३१, २८, ४२, ३५. एप्रिल २०२६ पासून एकही नाही. नेमके आकडे आणि फॉर्मची नावं दिलीत तर फार बरं होईल.

तळजाई
वाचतेय. हा धागा हवाच होता.

जमाखर्च
आधी पाया. भारतात आयकराला तुमच्या नागरिकत्वापेक्षा मुक्कामाच्या दिवसांशी घेणंदेणं आहे. अमेरिकेचं उलट: तुम्ही कुठेही राहा, नागरिक आहात तोवर जगभरच्या उत्पन्नाचं १०४० (तिथलं आयकर विवरणपत्र) भरायचंच. म्हणून तुमच्या डोक्यावर दोन विवरणपत्रं कायमची.

भारतात तीन पायऱ्या आहेत. अनिवासी, मग निवासी पण सर्वसाधारण नाही (यालाच सगळे आरएनओआर म्हणतात), मग सर्वसाधारण निवासी. पहिल्या दोन पायऱ्यांवर तुमच्या अमेरिकेतल्या पेन्शन, व्याज, लाभांशावर भारतात कर नाही. तिसऱ्या पायरीवर पाय पडला की जगभरचं उत्पन्न भारताच्या कक्षेत. तेव्हा प्रश्न "कधी उतरू" हा नाहीच, "तिसरी पायरी कधी येते" हा आहे.

आर्थिक वर्षात १८२ किंवा जास्त दिवस भारतात असाल तर निवासी. १ ऑक्टोबर २०२६ ते ३१ मार्च २०२७ मोजा: ३१ + ३० + ३१ + ३१ + २८ + ३१ = १८२. म्हणजे १ ऑक्टोबरला उतरलात तर त्याच वर्षी निवासी. २ ऑक्टोबरला उतरलात तर १८१, अनिवासी. ती "ऑक्टोबर" ची कथा इथून आली.

न्यूजर्सीकर
> २ ऑक्टोबरला उतरलात तर १८१

यात एक भर. त्या वर्षातला एकूण मुक्काम मोजतात, शेवटचं येणं नव्हे. एप्रिल-मे मध्ये लग्नकार्यासाठी तीन आठवडे येऊन गेलात तर ते २१ दिवस धरून मर्यादा पुढे सरकते. उतरण्याचा आणि निघण्याचा असे दोन्ही दिवस भारतातलेच धरा. वाद एका दिवसावरून होतो आणि पुरावा पासपोर्टवरचा शिक्का असतो.

दुसरं, ६० दिवसांचा नियम विसरू नका. मागच्या चार आर्थिक वर्षांत मिळून ३६५ दिवस भारतात काढले असतील तर ६० दिवसांतच निवासी ठरू शकता. भारतीय वंशाच्या माणसाला सवलत आहे (१८२, आणि भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल तर १२०), पण ती "भेटीसाठी" येणाऱ्याला. कायमचं राहायला येणारा भेटीसाठी आला असं म्हणणं अवघड. टिपणवही, तुमचे चार वर्षांचे ३१ + २८ + ४२ + ३५ = १३६ होतात, ३६५ पासून लांब. तुम्हाला हा नियम लागत नाही.

सुपारी
मग ठरलं की. दिवाळीला या. लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. गणपती पुढच्या वर्षी.

ओसरी
सुपारी, पुण्यात येणाऱ्याला गणपती पुढच्या वर्षी करायला सांगणं हे करापेक्षा जड आहे :)

मोडी
सोशल सिक्युरिटीबद्दल लिहितो, कारण यावर सर्वांत जास्त गोंधळ असतो.

भारत-अमेरिका कर करारातलं कलम २० दोन भागांत आहे. पहिल्या भागात खाजगी पेन्शन आणि ॲन्युइटी: कर फक्त राहत्या देशाने लावायचा. दुसऱ्या भागात सोशल सिक्युरिटी: कर फक्त देणाऱ्या देशाने लावायचा. म्हणजे सोशल सिक्युरिटीवर भारतात कर शून्य, अगदी तिसऱ्या पायरीवर गेल्यावरही. भारतातल्या विवरणपत्रात ती करारानुसार मुक्त उत्पन्न म्हणून दाखवायची, गाळायची नाही. खात्यात दरमहा येणारी रक्कम दिसते, तिचा उगम कागदावर हवा. वर्षभरात किती मिळालं हे सांगणारा एसएसए-१०९९ फॉर्म जपून ठेवा.

अमेरिकेत सोशल सिक्युरिटीचा जास्तीत जास्त ८५ टक्के भाग करपात्र होतो. त्यासाठीचे उत्पन्नाचे उंबरठे जोडप्यासाठी ३२,००० आणि ४४,००० डॉलर, एकट्यासाठी २५,००० आणि ३४,०००. हे आकडे महागाईप्रमाणे वाढत नाहीत, म्हणून ४०१(के) मधून थोडं काढलं तरी बहुतेक जण ८५ टक्क्यांत जातात.

खाजगी पेन्शनच्या बाबतीत "फक्त राहत्या देशाने" वाचून आनंद मानू नका. कराराच्या पहिल्याच कलमात अमेरिकेने आपल्या नागरिकांवर कर लावण्याचा हक्क राखून ठेवला आहे. त्यामुळे तिसऱ्या पायरीवर ४०१(के) च्या रकमेवर आधी भारत, मग अमेरिका, आणि अमेरिकेत फॉर्म १११६ वर भारतीय कराची वजावट. तिथे "करारामुळे उगम बदललेलं उत्पन्न" असा वेगळा रकाना निवडावा लागतो. तो न निवडता नेहमीच्या रकान्यात टाकलं तर अमेरिकन उगमाचं उत्पन्न म्हणून वजावट अडते. तयार सॉफ्टवेअर वापरणारे नेमके इथे चुकतात.

तळजाई
मोडी, ग्रीन कार्डवाल्यांना हेच लागू का? ग्रीन कार्ड परत करून भारतीय पासपोर्टवर येणारेही खूप आहेत.

मोडी
नाही, तिथे चित्र वेगळं. ग्रीन कार्ड सोडलं की अमेरिकेच्या लेखी अनिवासी परदेशी. सोशल सिक्युरिटीच्या ८५ टक्क्यांवर ३० टक्के, म्हणजे हप्त्याच्या २५.५ टक्के तिथेच कापून येतं. भारताशी झालेल्या करारात सामान्य नोकरदाराला यातून सूट नाही, सूट आहे ती अमेरिकन सरकारी नोकरी केलेल्यांना, तेही भारतीय नागरिक आणि निवासी असतील तर.

आणखी एक. अनिवासी परदेशी माणसाच्या अमेरिकेतल्या मालमत्तेवर वारसा कराची सूट फक्त ६०,००० डॉलर. अमेरिकन कंपन्यांचे शेअर त्यात मोजतात. भारताशी वारसा कराचा करार नाही. ग्रीन कार्ड परत करायच्या आधी ब्रोकरेज खात्याकडे बघाच. नागरिकांना ही अडचण नाही.

फडताळ
दोन देशांत सोशल सिक्युरिटीचा एकत्रीकरण करार नाही, हेही लिहून ठेवा. भारतातली ईपीएफची वर्षं सोशल सिक्युरिटी मिळायला कामातून जमवाव्या लागणाऱ्या ४० क्रेडिटमध्ये धरली जात नाहीत. ३६-३७ क्रेडिट असताना गाशा गुंडाळू नका, तीन-चार क्रेडिटसाठी एक वर्षाचं अर्धवेळ काम पुरतं.

आणि ज्यांना भारतातल्या बँकेची किंवा एलआयसीची जुनी पेन्शन आहे त्यांच्यासाठी चांगली गोष्ट: परदेशी पेन्शन असली की सोशल सिक्युरिटी कमी करणारी तरतूद (डब्ल्यूईपी) ५ जानेवारी २०२५ ला सही झालेल्या कायद्याने रद्द झाली. जुन्या लेखांतली ती गणितं आता विसरा.

न्यूजर्सीकर
हप्ता चालू ठेवण्याचं काम: परदेशी पत्त्यावर राहणाऱ्यांना एसएसए-७१६२ नावाची प्रश्नावली टपालाने येते. "तुम्ही हयात आहात ना, पत्ता बदलला का, लग्न झालं का" अशा स्वरूपाची, म्हणजे आपल्याकडचा हयातीचा दाखलाच. ती भरून वेळेत परत गेली नाही तर हप्ता थांबतो. पाकीट सोसायटीच्या पेटीत हरवलं असं होऊ शकतं, म्हणून मे-जून मध्ये लक्ष ठेवा आणि आलं नाही तर स्वतः विचारा. भारतातल्या लोकांचं काम मनिलाच्या अमेरिकन दूतावासातला फेडरल बेनिफिट्स विभाग बघतो, मुंबईची वकिलात नव्हे.

कुणी गेलं तर कुटुंबाने लगेच कळवायचं. ज्या महिन्यात मृत्यू झाला त्या महिन्याचा हप्ता देय नसतो, तो पुढच्या महिन्यात खात्यात आला तरी परत जातो. ते पैसे खर्च करू नका.

नाचणी
आता ४०१(के). माझं मत स्पष्ट आहे: आरएनओआरच्या वर्षांत जितकं काढता येईल तितकं काढा. कारण साधं. २०२६ मध्ये जोडप्याचा १२ टक्क्यांचा टप्पा १,००,८०० डॉलर करपात्र उत्पन्नापर्यंत जातो, त्याच्या वर ३२,२०० ची प्रमाण वजावट, ६५ पूर्ण झालेल्या व्यक्तीमागे आणखी १,६५०. म्हणजे वर्षाला जवळपास १,३४,००० डॉलरपर्यंत उत्पन्न १२ टक्क्यांच्या आत. भारतात त्या वर्षी त्यावर शून्य. तिसऱ्या पायरीवर तेच पैसे काढले तर भारतात २४ लाखांच्या वर ३० टक्के अधिक ४ टक्के उपकर. अमेरिकेत त्या कराची वजावट मिळेल, पण एकूण बोजा भारताच्या दराने.

वरचा टप्पा ओलांडायचा मोह झाला तर मेडिकेअर (६५ नंतरचा अमेरिकन सरकारी आरोग्य विमा) आठवा. ज्यांनी त्याचा भाग ब (डॉक्टरांच्या खर्चाचा) चालू ठेवलाय त्यांचा हप्ता दोन वर्षांपूर्वीच्या उत्पन्नावर ठरतो आणि २०२६ साठी जोडप्याचा वाढीव हप्ता २,१८,००० डॉलरच्या वर सुरू होतो.

जमाखर्च
नाचणी, गणित बरोबर आहे, पण निष्कर्ष घाईचा वाटतो. आयकर कायद्याचं कलम ८९अ कुठे गेलं?

२०२१ च्या वित्त कायद्याने हे कलम आलं आणि अमेरिका, ब्रिटन, कॅनडा हे तीन देश अधिसूचित झाले. तुम्ही भारतात अनिवासी आणि तिथे निवासी असताना उघडलेलं निवृत्ती खातं असेल, तर आतल्या वाढीवर दरवर्षी भारतात कर न भरता अमेरिकेत रक्कम काढताना जेव्हा कर लागतो त्याच वर्षी भारतातही लागेल, असा पर्याय घेता येतो. त्यासाठी फॉर्म १०-ईई, विवरणपत्राच्या मुदतीच्या आत, तिसऱ्या पायरीच्या पहिल्याच वर्षी. एकदा दिला की मागे घेता येत नाही. पुढे परत अनिवासी झालात तर पर्याय मुळात घेतलाच नव्हता असं धरतात, तेव्हा मुलांकडे दोन वर्षं राहायला जाण्याचा बेत असेल तर आधी विचार करा.

महत्त्वाचं पुढे आहे. त्याच्या नियमात, म्हणजे २१एएए मध्ये, असं म्हटलंय की अनिवासी किंवा आरएनओआर असताना जमा झालेलं जे उत्पन्न तेव्हा भारतात करपात्र नव्हतं, ते काढण्याच्या वर्षी एकूण उत्पन्नात धरायचं नाही. म्हणजे तिसरी पायरी सुरू होण्याच्या आदल्या दिवशी खात्यात असलेली शिल्लक हा तुमचा आधार. त्या दिवसाचं, ३१ मार्चचं स्टेटमेंट डाउनलोड करून कागदावर छापून ठेवा. दहा वर्षांनी ब्रोकर बदललेला असतो आणि जुनी स्टेटमेंटं मिळत नाहीत.

(मी जुन्या कायद्याचे क्रमांक लिहितोय. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू आहे, कलमं आणि फॉर्म यांचे क्रमांक बदललेत. भरताना नवे बघा.)

नाचणी
नियम माहीत आहे. पण किती भाग आधीचा आणि किती नंतरचा, हे प्रत्येक वेळी पटवून देण्याची जबाबदारी तुमच्यावर येते, आणि सीए मंडळींत यावर एकमत नाही. ७८ व्या वर्षी नोटिशीला उत्तर देत बसण्यापेक्षा आज १२ टक्के देऊन मोकळं व्हावं, असं मला अजूनही वाटतं.

जमाखर्च
त्या काळजीला मान आहे. मग मधला रस्ता: १२ टक्क्यांचा टप्पा भरेल इतकंच दरवर्षी काढायचं, उरलेल्यासाठी स्टेटमेंट आणि १०-ईई. सगळं एका वर्षात काढून २४-३२ टक्क्यांत जाणं मात्र दोन्ही बाजूंनी तोट्याचं.

आणि ४०१(के) मधून दरवर्षी ठराविक रक्कम काढण्याची अमेरिकेची सक्ती लक्षात ठेवा. १९५१ ते १९५९ मध्ये जन्मलेल्यांना ७३ व्या वर्षापासून, १९६० किंवा नंतरच्यांना ७५ पासून. चुकलं तर न काढलेल्या रकमेवर २५ टक्के दंड, वेळेत दुरुस्त केलं तर १० टक्के.

ओसरी
आरएनओआर असताना ४०१(के) चं रॉथ करून घ्या, हा सल्ला बऱ्याच ठिकाणी वाचला. कुणी यावर बोलेल का?

मोडी
अमेरिकेत राहणाऱ्यासाठी तो उत्तम सल्ला आहे. भारतात राहणाऱ्यासाठी धोक्याचा. ८९अ मधलं खातं असं हवं की ज्यावर जमा होताना कर नाही, पण काढताना त्या देशात कर लागतो. रॉथवर काढताना अमेरिकेत कर लागतच नाही, म्हणजे व्याख्येत ते नीट बसत नाही. करारातही रॉथचं नाव नाही. तिसऱ्या पायरीवर रॉथमधलं व्याज-लाभांश दरवर्षी भारतात करपात्र, असं अनेक सल्लागार धरतात. अमेरिकेत त्यावर कर नसल्यामुळे वजावट घ्यायलाही काही नाही.

म्हणून टिपणवहींसाठी माझा क्रम उलटा: ४०१(के) चं रॉथ करू नका, उलट आहे ते छोटं रॉथ आरएनओआरच्या काळातच घरखर्चाला वापरून संपवा. तिथे दोन्हीकडे शून्य आहे.

सुपारी
आतापर्यंतचं वाचून एवढं कळलं की ३१ मार्चला स्टेटमेंट छापायचं आणि कपाटात कुलूप लावून ठेवायचं.

फडताळ
माझ्यात ठेवा, जागा आहे.

न्यूजर्सीकर
आता दंडाची खरी ठिकाणं. कर थोडा चुकला तर व्याज भरून सुटका होते, माहिती न दिल्याचे दंड मात्र जबर आहेत.

एफबार (परदेशी खात्यांची अमेरिकन सरकारला द्यायची माहिती): अमेरिकेबाहेरच्या सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात एकदाही १०,००० डॉलरच्या वर गेली तर त्याचा फॉर्म, फिनसेन ११४, ऑनलाइन भरायचा. मुदत १५ एप्रिल, आपोआप १५ ऑक्टोबरपर्यंत वाढते. यात बचत खातं, एफडी, पीपीएफ, डीमॅट, रोख मूल्य असलेली एलआयसी पॉलिसी, सगळं. आणि आपल्याकडे घरोघरी चुकतं ते हे: आईच्या किंवा भावाच्या खात्यात "सोयीसाठी" टाकलेलं दुसरं नाव. पैसे आईचे असले तरी खातं पूर्ण रकमेनिशी तुमच्या एफबारमध्ये येतं. स्वतःच्या मालकीचा फ्लॅट यात येत नाही, त्याचं भाडं मात्र १०४० वर येतं.

फॉर्म ८९३८: हा १०४० सोबत, परदेशी आर्थिक मालमत्तेची माहिती द्यायला. परदेशात राहणाऱ्या जोडप्यासाठी वर्षअखेर ४,००,००० किंवा वर्षात कधीही ६,००,००० डॉलरच्या वर. एकट्यासाठी २,००,००० आणि ३,००,०००. एफबार भरला म्हणून हा सुटत नाही.

भारताच्या बाजूने शेड्यूल एफए (विवरणपत्रातला परदेशी मालमत्तेचा तक्ता): तिसऱ्या पायरीवर गेल्यावरच लागतं, पण मग सगळं द्यायचं, ४०१(के) आणि रॉथसकट. हे आर्थिक वर्षाप्रमाणे नसून कॅलेंडर वर्षाप्रमाणे भरतात आणि वर्षातली सर्वोच्च शिल्लकही मागतात. न दिल्यास २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली १० लाखांचा दंड. ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर सोडून एकूण २० लाखांपर्यंतच्या मालमत्तेला यातून वगळलंय, पण ४०१(के) वाल्या कुणाचंही तेवढ्यात भागत नाही.

भारतात अमेरिकन कराची वजावट हवी असेल तर फॉर्म ६७ (हाही जुन्या कायद्याचा क्रमांक). तो राहिला तर वजावटीसाठी भांडावं लागतं.

खोपोलीकर
म्युच्युअल फंडांबद्दल कुणीच बोललं नाही. परत आल्यावर बँकेतला माणूस पहिल्या आठवड्यात एसआयपीचा फॉर्म घेऊन येतो. अमेरिकन नागरिकाने सही करू नये. भारतीय म्युच्युअल फंड अमेरिकेच्या लेखी पीएफआयसी, म्हणजे कडक कर लागणारी परदेशी गुंतवणूक कंपनी. विकल्यावर झालेला नफा धारणकाळावर दिवसानुसार वाटतात, मागच्या वर्षांच्या वाट्यावर त्या-त्या वर्षीचा सर्वोच्च दर (सध्या ३७ टक्के) आणि वर व्याज. प्रत्येक फंडाला वेगळा फॉर्म ८६२१. फॉर्मची सूट आहे, जोडप्याची एकूण गुंतवणूक ५०,००० डॉलरच्या आत आणि त्या वर्षी विक्री किंवा मोठं वाटप नसेल तर, पण विकताना कराची पद्धत तीच.

साधी एफडी, थेट शेअर, अमेरिकेतलेच इंडेक्स फंड, एवढंच ठेवा. पीपीएफचं व्याज भारतात करमुक्त, अमेरिकेत करपात्र.

तळजाई
अमेरिकेतले फंड ठेवा म्हणता, पण भारतातला पत्ता दिला की काही ब्रोकर खातं बंद करतात किंवा फंडाची नवी खरेदी थांबवतात ना?

खोपोलीकर
हो. म्हणून निघण्याआधी सहा महिने लेखी विचारा: भारतात राहणाऱ्या अमेरिकन नागरिकाचं खातं ठेवता का, फंड घेता येतात का की फक्त शेअर आणि ईटीएफ? नकार आला तर तिथे असतानाच हलवा. मुलीचा पत्ता लावून गप्प बसायचा सल्ला देणारे भेटतील. तो फॉर्मवर खोटं लिहिणं आहे, आणि खातं गोठलं तर नेमकं गरजेच्या दिवशी गोठतं. टपालासाठी मुलीचा पत्ता आणि निवासासाठी खरा पत्ता, असे दोन रकाने बहुतेक ठिकाणी असतात.

अमेरिकन फोन नंबरही चालू ठेवा. इंटरनेटवरच्या नंबरवर काही बँका ओटीपी पाठवत नाहीत. रोमिंगवर एसएमएस येणारं स्वस्त प्लॅनचं खरं सिम ठेवा.

ओसरी
पैसे पाठवण्यावर १ टक्का कर लागतो म्हणे जानेवारी २०२६ पासून?

मोडी
रोख, मनी ऑर्डर, कॅशियर्स चेक देऊन पाठवलं तर. अमेरिकन बँक खात्यातून किंवा तिथल्या डेबिट-क्रेडिट कार्डाने पाठवलं तर नाही. पेन्शनवाल्याला काही फरक पडत नाही.

टिपणवही
सगळ्यांचे मनापासून आभार. न्यू जर्सी राज्याचा कर? आणि मेडिकेअरचं काय करायचं?

न्यूजर्सीकर
राज्य: १९९६ चा संघराज्याचा कायदा आहे, ज्या राज्यात तुम्ही राहत नाही ते राज्य तुमच्या ४०१(के), आयआरए (वैयक्तिक निवृत्ती खातं), पेन्शनवर कर लावू शकत नाही. पण तुम्ही खरंच राहत नाही हे दिसलं पाहिजे. घर विका किंवा भाड्याने द्या, शेवटचं विवरणपत्र तिथे राहिलेल्या महिन्यांपुरतं भरा, वाहन परवाना आणि वाहनाची नोंदणी मागे ठेवू नका. परदेशातून फक्त संघराज्याच्या पदांसाठी मतदान केलं तर त्याने राज्याचा कर ओढवत नाही, मतदान सोडू नका.

फडताळ
मेडिकेअर भारतात चालत नाही. भाग अ (रुग्णालयाचा) ला हप्ता नाही, तो घ्याच. भाग ब चा हप्ता २०२६ मध्ये माणशी महिना २०२.९० डॉलर. सोडला आणि पुढे परत घ्यायचा म्हटलं तर दर पूर्ण १२ महिन्यांमागे १० टक्के जास्त, आयुष्यभर, आणि नोंदणी फक्त जानेवारी ते मार्च. पाच वर्षं सोडलात तर दीडपट. मुलं अमेरिकेत आहेत आणि म्हातारपणी तिकडे जाण्याची शक्यता खरी आहे, तर भाग ब चालू ठेवणं हा विमाच समजा. भाग ड (औषधांचा) परदेशात राहणाऱ्याला मिळत नाही, परतल्यावर मुदतीत घेतला तर त्याचा दंड नाही.

भारतातला आरोग्य विमा उतरण्याच्या आठवड्यातच घ्या. आधीच्या आजारांची प्रतीक्षा जास्तीत जास्त ३६ महिने, ती लवकर सुरू झाली तर लवकर संपते. ६५ च्या वर नवा विमा नाही ही अट विमा नियामक आयआरडीएआयने २०२४ मध्ये काढली. मधुमेह, रक्तदाब, सगळं लिहा. लपवलेलंच दाव्याच्या वेळी आडवं येतं.

खोपोलीकर
ओसीआयबद्दल थोडक्यात. पन्नाशीनंतर नवा पासपोर्ट आला की एकदा पासपोर्टची प्रत आणि फोटो पोर्टलवर चढवायचे, तीन महिन्यांत, फी नाही. नवं कार्ड काढायची गरज नाही. शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने आलेली ठेवता येते. मुळशीच्या "फार्महाऊस प्लॉट" वाल्यांना आधी सातबारा दाखवायला सांगा. त्यावर शेतजमीन म्हणून नोंद असेल तर ते शेतच समजा. आधार १२ महिन्यांत १८२ दिवस राहिल्यावर काढता येतं.

बँक: कायमचं राहायला आलात की फेमाखाली (परकीय चलनाच्या कायद्याखाली) लगेच निवासी, १८२ दिवस थांबायचं नाही. एनआरई खातं निवासी करा आणि आरएफसी खातं (परतलेल्यांचं परकीय चलन खातं) उघडा. एनआरई व्याजाची करमाफी फेमाच्या दर्जावर आहे, ती आल्या दिवशी संपते. आरएफसी आणि एफसीएनआरचं (अनिवासींच्या परकीय चलनातल्या ठेवींचं) व्याज मात्र आरएनओआर असेपर्यंत माफ. म्हणून डॉलर आरएफसीत ठेवा. त्यातून परत बाहेर पाठवायलाही अडचण नाही.

जमाखर्च
आता टिपणवहींचा पहिला प्रश्न. सगळे ऑक्टोबरवर थांबले, पण पुढची वर्षं कुणी मोजली नाहीत. मोजू या.

आरएनओआर राहण्याचे दोन दरवाजे आहेत, एक उघडा असला तरी पुरे. पहिला: मागच्या १० वर्षांपैकी ९ वर्षं अनिवासी. दुसरा: मागच्या ७ वर्षांत भारतात ७२९ किंवा कमी दिवस.

१ नोव्हेंबरला उतरलात: २०२६-२७ मध्ये १५१ दिवस, अनिवासी. २०२७-२८ आणि २०२८-२९ पहिल्या दरवाज्याने आरएनओआर. २०२९-३० ला दोन्ही बंद. तिसरी पायरी १ एप्रिल २०२९.

५ सप्टेंबरला उतरलात: २०२६-२७ मध्ये २०८ दिवस, निवासी. २०२६-२७ आणि २०२७-२८ पहिल्या दरवाज्याने आरएनओआर. २०२८-२९ ला पहिला दरवाजा बंद, म्हणून दुसरा बघायचा: आधीच्या भेटी १३६, अधिक २०८, अधिक २०२७-२८ चे ३६६ (फेब्रुवारी २०२८ ला २९ दिवस आहेत). बेरीज ७१०. ७२९ च्या आत, आरएनओआर. तिसरी पायरी पुन्हा १ एप्रिल २०२९!

म्हणजे तुमच्या आकड्यांवर दोन्ही तारखांचा शेवट एकच. वर निवासी असल्यामुळे २०२६-२७ मध्ये १२ लाखांपर्यंतच्या भारतीय उत्पन्नावरची सवलतही मिळते, ती अनिवासीला नाही. ६० च्या वर असून धंद्याचं उत्पन्न नसेल तर निवासी म्हणून आगाऊ कराचे हप्तेही माफ.

मात्र १७ ऑगस्टच्या आधी उतरू नका. १७ ऑगस्टला बेरीज बरोबर ७२९ होते. १ ऑगस्टला आलात तर ७४५, आणि एक अख्खं वर्ष हातचं जातं. ते परत मिळवायचं तर २०२७ च्या उन्हाळ्यात मुलांकडे महिनाभर जाऊन या.

नाचणी
जमाखर्च, ही बेरीज दोनदा तपासली. बरोबर आहे. ५ सप्टेंबरला १९ दिवसांची ऐसपैस जागा राहते. शिवाय २०२७ ला अमेरिकेची एखादी फेरी केलीत तर आणखी.

न्यूजर्सीकर
एक दुरुस्ती माझ्याकडूनही. निघण्याआधी पासपोर्टच्या (जुन्याही) शिक्क्यांवरून त्या १३६ दिवसांचा तक्ता नीट करा. येण्या-जाण्याचे दोन्ही दिवस धरलेत ना? पाच फेऱ्यांत चार-पाच दिवसांचा फरक सहज पडतो.

टिपणवही
तपासलं. परतीचे दिवस मोजले नव्हते. चार फेऱ्या होत्या, म्हणजे १४० धरतो. ५ सप्टेंबरची बेरीज ७१४ होते. तिकीट त्याच तारखेचं बघतोय.

सुपारी
मूर्ती आत्ताच सांगून ठेवा, शाडूची हवी असेल तर पेणला.